हिरव्या प्रथिनाचे शुद्धीकरण

जिवाणूच्या एका पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतून हवे ते एकच वेगळे काढणे, हे जीवतंत्रज्ञानातील जिकिरीचे काम होय. नाशिकच्या महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ते समजावून देण्यास हिरवे अनुस्फुरक प्रथिन विशेष उपयुक्त ठरते. कारण त्याचा प्रवास डोळ्यांना दिसतो.

ओसामु शिमोमुरा यांनी हे प्रथिन १९६२ मध्ये जेलीफिश या सागरी प्राण्यापासून मिळविले. १९९२ मध्ये डग्लस प्राशर यांनी त्याचे जनुक अलग केले, तर १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवाणूत कार्यान्वित करून दाखविले. शिमोमुरा, चाल्फी व रॉजर त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जनुक प्लाझ्मिड या डीएनएच्या लहानशा कड्यात बसवून ई. कोलाय जिवाणूत घालतात. पोषक द्रवात जिवाणू वाढले की त्यांच्या पेशी फोडतात आणि यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवितात. वरचा द्रव मग स्तंभात ओततात. येथून वर्णलेखनाची क्रिया सुरू होते.

खळ्यावर उफणताना वारा दाणा व भुसा वेगळे करतो. येथे ते काम क्षार करतो. तीव्र क्षारद्रावणात हे प्रथिन स्तंभातील जलविरोधी कणांना चिकटते. क्षाराचे प्रमाण थोडे उतरविले की इतर बरीच प्रथिने धुऊन जातात. आणखी उतरविले की हिरवे प्रथिन सुटते. अतिनील प्रकाशात त्याचा हिरवा पट्टा खाली सरकताना स्पष्ट दिसतो. मात्र चकाकी म्हणजे शुद्धता नव्हे. नमुना जेलमध्ये विद्युत्प्रवाहाने सरकवून एकच पट्टा उमटतो की नाही, हे पाहावे लागते.

औषधनिर्मितीत या शुद्धतेवर माणसाचे आरोग्य अवलंबून असते. बालकांना दिली जाणारी हिपॅटायटिस 'बी'ची लस अशाच जनुकीय तंत्राने यीस्टमध्ये बनवितात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तिचे तंत्रही हेच. या लसींत विषाणू नसतो, केवळ त्याच्या कवचाचे शुद्ध केलेले प्रथिन असते. म्हणून त्यांच्यामुळे तो रोग जडू शकत नाही. "लशीनेच आजार झाला तर?" असे विचारणाऱ्या पालकांना शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हेच समजावून सांगावयास हवे.