चेहरा बदलल्यावर कळलेल्या गोष्टी

मला कोड आहे. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडांना आणि दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे डाग आहेत. ते पस्तिशी उलटल्यावर आले. त्याआधी मी चारचौघींत उठून दिसणारी बाई होते, हे मी संकोच न करता लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. ज्यांचा चेहरा जन्मभर एकसारखा राहतो, त्यांना वाटत राहतं की जग आपल्याशी वागतं तसंच सगळ्यांशी वागत असणार. मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. शिक्षण तेच, काम तेच, बोलणं तेच राहिलं. बदलला तो कातडीचा रंग, आणि तोही थोड्याशाच जागेत.

माझी नोकरी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर होती. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता, जुन्या लोकांच्या तोंडी अजून कर्झन रोड. मराठी माणसाला तो ठाऊक असतो नव्या महाराष्ट्र सदनामुळे, जे 2013 पासून इथे उभं आहे. चार्ल्स कोरियांनी बांधलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत, हिंदुस्तान टाइम्सचं कार्यालय, आणि मधे मधे उंच इमारतींत दाटीवाटीनं बसलेल्या खासगी कंपन्या. त्यातल्याच एका कंपनीत मी होते. आम्ही परिषदा आणि प्रशिक्षणवर्ग भरवून द्यायचो. येणाऱ्या ग्राहकाला भेटायचं, त्याचं काम समजून घ्यायचं, दर सांगायचा आणि सौदा पक्का करायचा, हे माझं काम. आणलेल्या कामावर पगाराबरोबर इन्सेंटिव्ह मिळायचा.

डाग येण्याआधीच्या वर्षांत मला एक गोष्ट कधीच जाणवली नाही, कारण ती कायमच होती. इमारतीचा पहारेकरी लिफ्ट थांबवून धरायचा. ग्राहक ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबायचे. दर चढा वाटला तरी आवाज चढायचा नाही. साहेबांनी एखाद्या अहवालातली चूक दाखवली तर हसून दाखवायचे. मी हे सगळं माझ्या कामाचं फळ समजत होते.

पहिला डाग उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात आला, मग बोटांच्या टोकांवर. सहा-आठ महिन्यांत ओठांभोवती. या काळात लोकांचं वागणं एका दिवसात बदललं नाही, आणि उघड अपमान तर जवळजवळ कुणीच केला नाही. जे घडलं ते फार बारीक होतं. ऑफिसखालच्या टपरीवरचा माणूस पूर्वी सुटे पैसे हातावर ठेवायचा. आता तो ते फळीवर ठेवून माझ्याकडे सरकवायचा, आणि मी तळहात पुढे केला तरी त्याची नजर फळीवरच असायची. एक नेहमीचे ग्राहक हात मिळवायचे ते नमस्कार करू लागले. नमस्कार चांगलाच, पण माझ्या शेजारी बसलेल्या मुलाशी त्यांनी हात मिळवला. मीटिंगमध्ये प्रश्न मला विचारायचे आणि उत्तर ऐकताना डोळे त्या मुलाकडे. घरच्या माणसांनी वेगळंच सुचवलं. सांगलीहून आत्याचा फोन आला, "लग्नानंतर आलं हे नशीब समज गं." दूध आणि मासे एकत्र खाल्ले का, हा प्रश्न तर मला दिल्लीतल्या पंजाबी शेजारणीनंही विचारला.

मग साहेबांनी बोलावलं. "आप अंदर बैठकर फोन का काम देख लीजिए, स्ट्रेस कम होगा." काळजीचाच सूर होता. पगार कमी झाला नाही. पण इन्सेंटिव्ह समोरासमोर होणाऱ्या सौद्यांवर होता, तो गेला.

आणि इथेच मला सगळ्यात उपयोगी गोष्ट कळली. फोनवर माझं काम तसंच चालत राहिलं. मुंबई, पुणे, बंगळुरूचे ग्राहक, ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, ते नाव घेऊन मलाच फोन द्या म्हणायचे. त्यांच्याकडून पक्की होणारी कामं घटली नाहीत. घटली होती ती फक्त समोर बसणाऱ्यांची, मला आत बसवण्याआधीच्या काही महिन्यांत. दोन्हींचे आकडे कंपनीच्याच वहीत होते.

नंतर याबद्दल वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की हा प्रकार जुना आहे आणि मोजलेला आहे. 1920 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की वरिष्ठ अधिकारी एखाद्या शिपायाला एका गुणात चांगलं ठरवतात, तेव्हा इतर गुणांतही त्याला वर चढवतात. 1972 मध्ये डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी लोकांना फक्त छायाचित्रं दाखवली. देखण्या चेहऱ्यांना लोकांनी स्वभावानं चांगलं, नोकरीत यशस्वी आणि संसारात सुखीही ठरवून टाकलं. 1994 मध्ये हॅमरमेश आणि बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी पगार तपासले, तर दिसायला डाव्या ठरवलेल्यांचा पगार साधारण दिसणाऱ्यांपेक्षा 5 ते 10 टक्के कमी निघाला. 2006 मधला मोबियस आणि रोझेनब्लाट यांचा प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो. त्यात काम होतं कोडी सोडवण्याचं. देखणे लोक ते काम इतरांपेक्षा जराही सरस करत नव्हते, तरी काम देणाऱ्यांना ते सरस करतील असंच वाटत होतं. आणि 2022 मध्ये स्वीडनमधल्या एड्रियन मेहिक यांनी करोनाकाळातले गुण पाहिले. शिकवणं ऑनलाइन झाल्यावर, ज्या विषयांत गणिती उत्तर नसतं तिथे देखण्या विद्यार्थिनींचे गुण घसरले होते. माझ्या फोनच्या टेबलावर जे दिसलं त्याचीच ही दुसरी बाजू.

आपल्याकडेही हे छापील स्वरूपात शिकवलं गेलं आहे. 2017 मध्ये महाराष्ट्राच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलगी कुरूप किंवा अपंग असणं हे एक कारण म्हणून दिलेलं सापडलं. गदारोळ झाला आणि तो मजकूर काढू असं सरकारला सांगावं लागलं. मला त्या गदारोळापेक्षा एका गोष्टीचं जास्त वाईट वाटतं, की हजारो मुलींनी ते वाक्य परीक्षेसाठी पाठ केलं असणार.

आता ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे, किंवा येईल, त्यांच्यासाठी.

सर्वांत आधी एक धोका सांगते. 1980 मध्ये क्लेक आणि स्ट्रेंटा यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. काहींच्या चेहऱ्यावर रंगभूषेनं व्रण काढला, आरशात दाखवला, आणि मग मलम लावून पक्का करतो असं सांगत गुपचूप पुसून टाकला. व्रण आहे या समजुतीत ती माणसं दुसऱ्याशी बोलायला गेली आणि परत येऊन म्हणाली, समोरचा टक लावून बघत होता, अवघडला होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होते, कारण माझ्याही मनात कितीतरी नजरा साठल्या होत्या. त्यातल्या खऱ्या किती आणि माझ्याच भीतीनं रंगवलेल्या किती, हे मला सांगता येणार नाही. म्हणून नजरांचा हिशेब ठेवू नका. जे मोजता येतं त्याचा ठेवा. कोणतं काम काढून घेतलं, कोणत्या तारखेला, कुणी सांगितलं, त्याचा पैशांवर काय परिणाम झाला, आधीची कामगिरी काय होती. एका साध्या वहीत हे लिहा, ऑफिसच्या संगणकावर नको.

बदली, जबाबदारीत फेरफार, बढती नाकारणं, यातलं काहीही तोंडी सांगितलं गेलं तर त्याच दिवशी सभ्य शब्दांत ई-मेल करा. आपल्यात अमुक बोलणं झालं, त्याचं कारण कृपया लेखी कळवावं, एवढंच. मी तसं केलं. उत्तर यायला वेळ लागला, आणि कारण म्हणून चेहऱ्याचा उल्लेख अर्थातच नव्हता. पण लेखी द्यायची वेळ आल्यावर दुसरं कारणही त्यांना सापडेना. मी फोनवरच्या कामाचे आकडे पुढे ठेवले आणि फोनवर झालेल्या सौद्यांनाही इन्सेंटिव्ह लागू झाला. समोरचं टेबल परत मिळालं नाही. मी पुढे नोकरी बदलली.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, हेही स्पष्ट सांगायला हवं. राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्याला मनाई करतो. त्या यादीत रूप नाही, आणि खासगी कंपनीला तो असा थेट लागूही होत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना स्थान मिळालं ही मोठी गोष्ट, पण कोड त्यात येत नाही. विमानातल्या परिचारिकांनी मात्र न्यायालयात जाऊन थोडंफार मिळवलं आहे. एअर इंडियाच्या प्रकरणात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवण्याची अट रद्द केली. वजनाच्या मर्यादेविरुद्ध दिल्लीत झालेली लढाई मात्र 2008 मध्ये उच्च न्यायालयात त्या हरल्या. फ्रान्सनं 2001 मध्येच शारीरिक रूपावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. आपल्याकडे असा कायदा यावा असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांच्या बाबतीत टाळाटाळ करू नका. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. ते लागत नाही, ते कुष्ठरोग नाही आणि दूध-माशांमुळे होत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, थायरॉइडची तपासणी करून घ्या कारण दोन्ही एकत्र आढळतात, अतिनील किरणांचे उपचार सुचवले तर महिनोन्‌महिने धीर धरा. चेहऱ्यावर लवकर रंग परततो, बोटांच्या टोकांवर फार कष्टानं. हमी देणारा दिसला की उठून या. रंगभूषा करून डाग झाकावेसे वाटले तर झाका, त्यात लाज नाही. नाही वाटलं तर झाकू नका. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःच्या अनुभवातून उभी केलेली श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्यांसाठी काम करते. तिच्याच प्रयत्नांतून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा 2006 चा चित्रपट झाला. घरच्यांना समजावताना मी दमायचे, तेव्हा तो चित्रपट त्यांच्यासोबत बसून पाहणं मला सोपं गेलं.

नव्या माणसाला भेटताना मी पहिल्या मिनिटात एकच वाक्य बोलते, "मला कोड आहे, ते लागत नाही, आता कामाचं बोलू." समोरच्याचा खांदा खाली येतो, हे दर वेळी दिसतं. तो न विचारलेल्या प्रश्नात अडकलेला असतो. मात्र दुसरं वाक्य बोलायचं नाही. माफीचा सूर लागला की बैठक त्याच विषयावर फिरत राहते.

महाराष्ट्र सदनात स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीसाठी आलेली मराठवाड्यातली, विदर्भातली मुलं भेटतात. थालीपीठ खाता खाता कुणीतरी हळूच विचारतं, "मॅडम, रंगावरून मार्क जातात का हो?" मी त्यांना आकडेच दाखवते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अंतिम यादीसाठी एकूण गुण 2025. त्यातले 1750 लेखी परीक्षेचे, जिथे तपासणाऱ्यापुढे तुमचं नावही नसतं, चेहरा तर दूरच. धोलपूर हाउसमधली मुलाखत 275 गुणांची. तिथेही मंडळातली माणसंच असतात, त्यांच्या मनात काहीच येत नाही असं मी म्हणणार नाही. पण गोरं करणाऱ्या क्रीमवर पैसे घालवू नका. झोप घ्या, इस्त्रीचा सदरा घाला, आणि वाक्य शेवटपर्यंत त्याच आवाजात पूर्ण करा. चेहऱ्याबद्दल भिणारी मुलं वाक्याचा शेवट गिळतात, आणि परीक्षक त्याला विषय न येणं समजतो.

देखण्या माणसांनाही एक सांगणं आहे, आणि ते मी जुन्या माझ्याकडे पाहून सांगते आहे. तुमच्या चुका लोक तुम्हाला सांगत नाहीत. वर्षातून एकदा तरी आपलं काम नाव काढून कुणाला तरी तपासायला द्या.

आज माझ्याकडे माणसं निवडण्याचं काम आहे. आमच्या अर्जावर फोटोची चौकट नाही. पहिली फेरी लेखी कामाची, अर्जाला क्रमांक देऊन, दुसरी फोनवर. माणूस समोर येतो तो तिसऱ्या फेरीत, तेव्हा प्रश्न आधीच लिहिलेले असतात आणि सगळ्यांना तेच विचारले जातात. प्रत्येक परीक्षक आपले गुण कागदावर लिहून उलटा ठेवतो, चर्चा त्यानंतर. फोनवर मिळालेल्या गुणांपेक्षा समोरासमोरचे गुण फार वर किंवा फार खाली गेले, तर परीक्षकानं त्याचं कारण दोन ओळींत लिहायचं. "पर्सनॅलिटी" हा शब्द त्या दोन ओळींत चालत नाही.