नकली कार्डामुळे खऱ्याचं काय बिघडतं?

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला पोकेमॉन कार्डांचा नाद आहे. जवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून त्यानं दीडशे रुपयांत पन्नासेक सोनेरी कार्डांचं पाकीट आणलं. त्याचा पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, ही सगळी ड्युप्लिकेट आहेत. पोरगा हिरमुसला. मला मात्र वाटलं, खरं कार्ड म्हणजेही छापलेला पुठ्ठाच ना? मग नकली निघाल्यानं नेमकं कोणाचं काय बिघडतं?
– एक पालक, सांगली

उत्तर : मावसभाऊ बरोबर सांगतोय. सोनेरी धातूची अस्सल पोकेमॉन कार्डं निघाली आहेत, पण अगदी मोजकी. १९९९ साली अमेरिकेत बर्गर किंगनं सोन्याचा मुलामा दिलेली सहा कार्डं विकली होती. २०२१मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त आलेल्या एका महागड्या पेटीत पिकाचू आणि चारिझार्डची धातूची कार्डं होती. दीडशे रुपयांत पन्नास सोनेरी कार्डं अस्सल मिळणं शक्य नाही.

आता तुमचा पुठ्ठ्याचा मुद्दा. छपाईचा खर्च पाहिला तर कार्डाची किंमत काही रुपयांच्या वर जात नाही, हे खरंच आहे. तरीही ऑगस्ट २०२२मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीनं १९५२ साली काढलेलं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. चित्र तर कोणालाही फुकट पाहता येतं. घेणाऱ्यानं पैसे मोजले ते खात्रीसाठी : हा तुकडा त्याच वर्षीचा आहे, त्याच कंपनीचा आहे, आणि इतक्या चांगल्या अवस्थेतले फार थोडे उरले आहेत. नकली कार्ड छापणारा याच खात्रीवर हात मारतो. त्यामुळे फसलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे जातात तेवढ्यावर हे थांबत नाही. अस्सल कार्ड जपणाऱ्यालाही त्याची झळ बसते.

याचं मला सगळ्यांत अस्वस्थ करणारं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. पोकेमॉनचा कार्डांचा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६मध्ये बाजारात आला. २०२४मध्ये त्याआधीची, खेळ घडत असताना आपसांत खेळून पाहण्यासाठी तयार केलेली कच्ची कार्डं म्हणून काही ‘प्रोटोटाइप’ विकायला येऊ लागली. या खेळावर सुरुवातीला काम केलेल्या ताकुमी अकाबाने यांच्याशी त्यांचा संबंध सांगितला जात होता, बऱ्याच कार्डांवर त्यांची सहीही होती. सीजीसी या अमेरिकी कंपनीनं ती तपासून, दर्जा ठरवून प्लास्टिकच्या कवचात सीलबंद केली होती. संग्राहकांनी विश्वासानं हजारो डॉलर मोजले.

मग जानेवारी २०२५मध्ये काही चिकाटीच्या संग्राहकांनी या कार्डांचे स्कॅन मोठे करून पाहिले. रंगीत लेझर प्रिंटर बऱ्याचदा कागदावर फिकट पिवळे ठिपके छापतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण त्यांच्या मांडणीत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख दडलेली असते. अशा ठिपक्यांची लिपी २००५मध्येच उलगडली गेली होती. ती लावून वाचल्यावर काही कार्डांवर साल निघालं २०२४! तज्ज्ञांचा शिक्का, जाणकाराची सही, सगळं जागच्या जागी होतं, आणि ज्याला अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं म्हटलं जात होतं ते आदल्या वर्षी छापलेलं होतं.

यातून त्या प्रकारची सगळीच कार्डं खोटी ठरत नाहीत, आणि नुकसान नेमकं तिथंच आहे. ज्याच्याकडे खरोखर १९९६चं कच्चं कार्ड असेल, त्याला आता ते खरं असल्याचं पुन्हा पहिल्यापासून पटवून द्यावं लागतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. २००१चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी विभागून मिळालं, त्याची सुरुवात या निबंधात आहे. गाडी चांगली की खटारा हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि खटारे उरतात. सुट्या, न तपासलेल्या कार्डांच्या बाजारात हेच होतं. विकणारा प्रामाणिक असला तरी त्याच्या कार्डाचा भाव पडतो.

यावर उपाय म्हणून ग्रेडिंग आलं. कार्ड पाठवा, कंपनी तपासून दहापैकी दर्जा देते आणि क्रमांक घालून सीलबंद करते. पीएसए ही यातली सर्वांत नावाजलेली कंपनी १९९१मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या क्रमांकाचं कार्ड होतं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, १९०९ ते १९११च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून आलेलं. पुढे २०१३मध्ये बिल मास्त्रो या लिलावदारानं न्यायालयात कबूल केलं की, त्या कार्डाच्या कडा आपण छाटल्या होत्या. कार्ड अस्सलच होतं, पण कोऱ्या धारदार कडांमुळे त्याला जो दर्जा मिळाला तो कात्रीचा होता. आता तर कवचंही नकली निघतात. भामटे खऱ्या कार्डाचा क्रमांक खोट्या कवचावर छापतात; क्रमांक कंपनीच्या नोंदीत तपासला तर बिनचूक जुळतो.

माझा आक्षेप मात्र आणखी एका गोष्टीला आहे. खात्री विकत घ्यावी लागली की ती श्रीमंतांपुरती उरते. यूट्यूबवाला लोगन पॉल यानं पहिल्या आवृत्तीच्या पोकेमॉन पाकिटांची म्हणून ३५ लाख डॉलरची पेटी घेतली. जानेवारी २०२२मध्ये ती उघडली तर आतून ‘जी. आय. जो’ची कार्डं निघाली. अशा सौद्यात निदान तज्ज्ञ बोलावता येतात, वकील लावता येतात. पाचशे रुपयांचं कार्ड तपासायला पाठवणं परवडत नाही, आणि भारतातून ते परदेशी पाठवायचं तर टपाल आणि जोखीम वेगळी. शाळेत मधल्या सुट्टीत अदलाबदल करणारी मुलं, खाऊचे पैसे साठवून पहिलं पाकीट घेणारी पोरं आणि खरा माल ठेवणारा छोटा दुकानदार यांच्यासाठी कुठलीच ढाल नाही. खरं पाकीट महाग आणि शेजारचं नकली स्वस्त दिसत असताना दुकानदारानं किती दिवस तग धरायचा?

प्रत्येक नक्कल मात्र फसवणूक नसते. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळणारे महागड्या कार्डाऐवजी ‘प्रॉक्सी’, म्हणजे त्याच्या जागी चालवायची नक्कल, वापरतात. १९९३चं ‘ब्लॅक लोटस’ कोणाला परवडणार? समोरच्याला ते ठाऊक असतं आणि कोणी ते खरं म्हणून विकत नाही, तोवर त्यात मला काही गैर दिसत नाही. त्याच खेळाच्या कंपनीनं २०१४पासून दुर्मीळ कार्डांवर चकाकता होलोग्रामचा शिक्का सुरू केला, कारण खरी म्हणून खपवली जाणारी कार्डं वाढली होती.

घरी तपासायचं तर एखादं खात्रीचं अस्सल कार्ड शेजारी ठेवा, त्याशिवाय अंदाज फसतात. पोकेमॉनच्या अस्सल पुठ्ठ्यात मधोमध एक गडद थर असतो. टॉर्चपुढे धरल्यावर नकली कार्डातून बहुधा जास्त उजेड आरपार येतो. घड्याळजी वापरतात तसं भिंग लावलं, तर अस्सल कार्डावरची काळी अक्षरं भरीव आणि रेखीव दिसतात. नकलीवर पुष्कळदा अक्षरंही रंगीत ठिपक्यांची बनलेली असतात. मागचा निळा रंग, शब्दांची स्पेलिंग आणि सामान्य कार्डावरचे अचाट आकडे मुलंच आधी पकडतात.

मुलाची कार्डं फेकू नका. त्याला ती आवडली आहेत आणि खेळायला ती चालतात. फक्त प्रत्येकाच्या मागे पक्क्या शाईच्या पेननं ‘नक्कल’ लिहायला सांगा, आणि शाळेत अदलाबदल करताना ती मित्राला दाखवूनच द्यायला सांगा. पुढच्या वाढदिवसाला भरवशाच्या दुकानातून एकच अस्सल पाकीट आणा. त्यात दहाएकच कार्डं असतील, सोनेरी कदाचित एकही नसेल. भिंग मात्र आत्ताच घेऊन द्या.