समईचा पाठ : पितळ, वात आणि दिव्याखालचा अंधार



डेन्मार्क-स्वीडनकडे १९५०-६० च्या सुमारास पितळ आणि लाकडाचे उभे दिवे बनत. खाली जड बैठक, मध्ये सागाचा दांडा, पितळी सांधे, वर टोपी. असं चित्र मुलांना दाखवा नि विचारा, "आपल्याकडं असं काय आहे?" शिरूर कासारच्या वर्गात उत्तर लगेच येईल : समई! गावाच्या नावातच कासार आहे, म्हणजे बांगड्या भरणारा नि तांब्या-पितळेची भांडी विकणारा.

आता समई सुटी करा. बैठक, दांडा, तेलाची वाटी, वरचा मोर. सगळं आट्यांवर बसतं. बैठक काढून नुसता दांडा उभा करायला सांगा. गुरुत्वमध्य खाली का हवा, हे मग फार समजवावं लागत नाही.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काळपटली की आजी चिंच लावते, कारण चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं. आंबट पदार्थ पितळेत कळकतात म्हणून पातेल्याला कल्हई. समईत अन्न नसतं, तिला कल्हई नको.

खरी गंमत वातीत आहे. कोरडी वात पेटवा, क्षणात राख. तेलात भिजलेली तासन् तास टिकते. केशाकर्षणानं तेल वर चढतं, त्याची वाफ होते आणि मुख्यतः ती वाफ जळते. (पेटवणं शिक्षकांनीच करायचं.)

मग वर्गात अंधार करा. वाटीची सावली खाली पडते. दिव्याखाली अंधार तो हाच. डेन्मार्कच्या पॉल हेनिंग्सेन यांनी १९२० च्या दशकात विजेच्या दिव्याला तीन टोप्या अशा बसवल्या, की बल्ब डोळ्यांत खुपत नाही नि उजेड खाली पसरतो. त्यांना त्याची गरजही मोठी. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला, तिथं डिसेंबरात दिवस जेमतेम ६ तासांचा. आपण १९ अंशांवर. आपला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे ११ तासांचा.

एक विनंती. "घरून समई आणा" असं वर्गात सांगू नका. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. घराला कुलूप, मूल आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. कुणाची समई लग्नात, दवाखान्यात मोडीत गेलेली असते. "आमच्याकडं नाही" असं त्या लेकराला सगळ्यांसमोर म्हणायला लावायचं कशाला? शाळेत एकच समई आणा आणि प्रत्येकाला मातीची पणती द्या. केशाकर्षण तिच्यातही तेच.

पाठ आषाढातल्या दीप अमावास्येच्या आठवड्यात घ्या. दिवे घासायला निघतात आणि तेव्हा आईवडीलही गावात असतात. पालकहो, जुनं पितळ मोडीच्या भावानं देण्याआधी मुलाला त्यावर कोरलेलं नाव वाचू द्या. हे नाव कुणाचं, भांडं कुणाच्या लग्नातलं, एवढं आजीला विचारून वहीत चार ओळी लिहायच्या. हाच गृहपाठ.