डिस्क पुसण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. बीडमधल्या माझ्या हिशेबाच्या ऑफिसात तेव्हा तीन कॉम्प्युटर होते, तिन्ही सातव्या पिढीतले आय-फाइव्ह. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणजे तिन्ही बाद. ओळखीतल्या एकाने सुचवलं, ‘लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, जुन्या मशिनीवर पळतं, व्हायरसचीही कटकट कमी.’ त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. ८ नोव्हेंबरला, शनिवारी, टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला आणि तिन्ही डिस्क पुसून टाकल्या.

सोमवारी डेटाचं फोल्डर समोर दिसत होतं, पण ते उघडायला टॅलीच नव्हतं. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. वाइन नावाच्या प्रोग्रामच्या आडवाटेने ते लिनक्सवर चालवून बघितलं, सुरूही झालं, पण लायसन्सवर येऊन अडलं. डिजिटल सहीचा टोकन लावला. त्याचा हिरवा दिवा लागला, पण सही करणाऱ्या युटिलिटीला तो काही दिसेना. दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रं मोबाइलवरच्या ओटीपीने भरता येतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला मात्र डिजिटल सहीच लागते. आणि मंगळवारी ११ तारीख, जीएसटीआर-१ची मुदत. अशाच एका जिनिंग कंपनीचे मॅनेजर सकाळीच येऊन बसले होते. ‘सायेब, आज अकरा तारीख हाये,’ एवढंच ते बोलले. शेजारच्या वकिलांनी त्यांचा लॅपटॉप दिला, म्हणून रात्री उशिरा का होईना, काम निभावलं.

त्याहून मोठा धक्का बसला तो जुन्या मराठी फायलींमुळे. करारनामे, पावत्या, प्रतिज्ञापत्रांचे मसुदे असं कित्येक वर्षांचं काम कृतिदेवमध्ये होतं. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे खरं तर इंग्रजी अक्षरावर चढवलेलं चित्र असतं. फॉन्ट नसेल तर ‘बीड’ या शब्दाच्या जागी छोटं सी, छोटं एच आणि मोठं एम एवढंच उरतं. आमच्या पडद्यावर पानंच्या पानं अशी दिसत होती. फॉन्ट नंतर सापडला आणि अक्षरं परत आली. पण ज्याच्या फायली अजून जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्याने त्या आतापासूनच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. युनिकोड मजकूर विंडोज, लिनक्स, मॅक, मोबाइल सगळीकडे सारखाच वाचता येतो, आणि टायपिंगसाठी लागणारा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज, लिनक्स आणि मॅकमध्ये आधीपासूनच असतो.

चूक लिनक्सची नव्हती. धंद्याला कोणकोणते प्रोग्राम आणि कोणकोणती यंत्रं लागतात, हे न बघता सिस्टिम आधी ठरवली, चूक ती होती.

मोंढ्यातल्या अडत्याचा गाडा टॅली आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर चालतो. त्याने विंडोज सोडायचं कारण नाही. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याने बोटाचा ठसा घेणारं यंत्र लावून बघितल्याशिवाय काहीही बदलू नये, कारण त्या यंत्राचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं असतं. लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओला फोटोशॉप लागतं. ते विंडोज आणि मॅकवर आहे, लिनक्ससाठी अडोबी ते देत नाही. मॅक घेतला की त्यावर विंडोजही टाकता येईल, या भरवशावर कोणी असेल तर त्याने थांबावं. २०२०च्या शेवटी आलेल्या अ‍ॅपलच्या एम-मालिकेच्या चिपवर विंडोज टाकून देणारी बूट कॅम्पची सोय राहिलेली नाही.

याउलट बालाघाटच्या सीताफळाचा गर विकणारा एखादा गट असेल, ज्याचं काम ईमेल, एक्सेलसारखा तक्ता आणि ब्राउझर यांपुढे जात नाही, त्याने पैसे कशाला घालवायचे? लिनक्स आणि लिब्रेऑफिस त्याला पुरून उरेल. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. तिथे हे जमलं, कारण पाठ्यपुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण त्याच सिस्टिमवर बेतलं गेलं. नुसती सीडी वाटून ते झालं नसतं.

चोरीच्या विंडोजबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण तालुक्याच्या गावी ‘टाकून देतो की’ म्हणणारा माणूस हमखास भेटतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून जवळचा धोका डेटाचा, कारण अशा विंडोजवर अपडेट बहुधा बंदच ठेवलेले असतात. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्यावरचा अपडेट येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी तो टाकला नव्हता, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या.

आमच्याकडे आता टॅली आणि टोकनसाठी विंडोज ११चं एक नवं मशिन आहे, आणि दोन जुनी मशिनं टायपिंग व पोर्टलच्या कामाला मिंटवर चालतात. ज्यांना लगेच खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट विंडोज १०चे वाढीव अपडेट विकतं. व्यावसायिक वापराला पहिल्या वर्षी मशिनमागे ६१ डॉलर पडतात, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि तेही जास्तीत जास्त तीन वर्षं.

विंडोज १०वर अजून काम करत असाल, तर एका कागदावर आठवडाभरात उघडलेला प्रत्येक प्रोग्राम, प्रत्येक प्रिंटर, टोकन आणि ठशाचं यंत्र लिहून काढा. लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करता येतं, डिस्कला हातही लागत नाही. तसं सुरू करून यादीतली एकेक वस्तू लावून बघा. यासाठी महिन्याची २१ तारीख निवडा; ११ आणि २० या जीएसटीच्या दोन्ही तारखा तेव्हा मागे पडलेल्या असतात.