आपली कवटी, आपल्याच बोटांनी

या वेळी औषधांविषयी नाही, आपल्या डोक्याविषयी थोडे शिकू या. चष्मा काढून ठेवा आणि खुर्चीत नीट टेकून बसा. नर्सिंगच्या वर्गात ही हाडे मी आधी स्वतःच्या डोक्यावर चाचपून शिकले आणि मगच पुस्तकातून. ती रीत अजून मला सर्वांत सोपी वाटते.

हिब्रूत कवटीला गुल्गोलेत म्हणतात. सिनायच्या रानात मोशेने इस्राएलांची मोजणी केली तिथे तोरात हाच शब्द येतो, आणि आपल्या मराठीतही मोजणीला शिरगणतीच म्हणतात! पण हे शिर म्हणजे एकच हाड नव्हे. मोठ्या माणसाच्या कवटीत 22 हाडे असतात. त्यांतली 8 मेंदूभोवती आणि 14 चेहऱ्यात. कानातली चिमुकली हाडे वेगळी.

भुवयांवर बोटे ठेवून वर सरकवा. हे सगळे कपाळ एकच हाड आहे, ललाटास्थी. केस सुरू होतात त्याच्याही वर ते जाते आणि दोन बाजूंच्या दोन हाडांना मिळते. तीच बाळाची टाळू. आपल्या आया-आज्या तिथे तेल जिरवीत. पुरुष डोक्याचे तेफिलीन बांधतात तेही याच बाजूला. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरते आणि हाडांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत अडकून बसतात. त्या सांध्याला शिवण म्हणतात. किप्पा बसतो तिथे खाली ही बाजूची दोन हाडे असतात. मागे, मानेच्या वर, हाताला उंचवटा लागतो ते पाठीमागचे हाड. न्हाणीघरात पाय घसरून उताणे पडले की मार बहुधा त्यावरच बसतो.

आता मुख्य गोष्ट. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे मेंदू आणि त्याचे आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. मग कपाटाच्या दाराचा साधा टोला बसला तरी एखादी तुटू शकते. बाहेर खोक नाही, कधी टेंगूळसुद्धा नाही, पण आत रक्त थेंबाथेंबाने साठत राहते. माझ्या ओळखीच्या एका मावशींना सुक्कोथच्या आधी फळीवरून डबा काढताना डोक्याला लागले. पाच आठवड्यांनी एका पायातली चप्पल सारखी निसटू लागली, हातातला चहा सांडू लागला, दुपारभर झोप. घरचे म्हणाले, वय झाले. सूनबाईने मात्र हट्टाने रुग्णालयात नेले. सी.टी. काढला, कवटीला लहान भोक पाडून रक्त काढले आणि मावशी पुन्हा आपल्या पायांनी चालू लागल्या.

म्हणून पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मुलांपासून लपवू नका. ती काळजी करतील, करू द्या. कुमाडिन, एलिक्विस यांसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला मार लागल्यावर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. गोळ्यांची यादी सोबत न्या. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळ किंवा एका बाजूला अशक्तपणा दिसला तर 101 फिरवा.

आता कानशील. इथे चार हाडे एकत्र येतात आणि कवटी इथे सर्वांत पातळ आहे. बाहेरून हलके बोट ठेवले तर एक धमनी उडताना लागते. पन्नाशीनंतर कधी कधी या धमनीला सूज येते. कानशील दुखते, केस विंचरताना डोके हुळहुळते, घास चावताना जबडा दुखून येतो. यात नजर अचानक जाऊ शकते आणि गेलेली सहसा परत येत नाही. अशा वेळी आठवड्यानंतरची तारीख घेऊ नका, त्याच दिवशी दाखवा.

कानामागचा कठीण उंचवटा शंखास्थीचा. त्याच हाडाच्या पोटात ऐकण्याची तीन हाडे आणि तोल सांभाळणारे इंद्रिय असते. तिथले सूक्ष्म खडे जागचे हलले, की बिछान्यात कूस बदलताना खोली गरगर फिरते. डॉक्टर डोके ठरावीक रीतीने वळवून ते खडे जागी नेतात. पुष्कळदा एक-दोन वेळांतच आराम पडतो. तोवर रात्री उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा.

शेवटी कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. हलतो तो खालचा जबडा, चेहऱ्यातले एकमेव हलणारे हाड. दात गेले की तो झिजत जातो, म्हणून दहा वर्षांपूर्वीची कवळी सैल होते. चिकटवण्याच्या पेस्टवर पैसे घालण्यापेक्षा दंतवैद्याकडून ती पुन्हा बसवून घ्या.