सहकाऱ्याचा आदर्श

अकोला जिल्ह्यातील हिवरखेड, तेल्हारा यांसारख्या गावांतून पुढील शिक्षणासाठी विद्यार्थी अकोल्यास जातात. याच अकोल्यात दीडशे वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील टेंभू गावचा एक निर्धन मुलगा शिकत होता. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा व्यासंगी गुरू त्यास तेथे लाभला. 1875 साली तो मॅट्रिक झाला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. त्याच्यापाशी एकच सदरा होता. तो रात्री धुवून वाळत घालावा आणि सकाळी पुन्हा अंगात चढवावा, असा त्याचा क्रम असे, असे सांगतात.

एम्. ए. झालेल्या तरुणास त्या काळी सरकारी नोकरीची दारे सताड उघडी असत. आगरकरांनी तिकडे पाठ फिरविली. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी 1 जानेवारी 1880 रोजी काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते अल्प वेतनावर शिकवू लागले. केसरीचे पहिले संपादकही तेच. 1882 साली टिळकांसह त्यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. सुटल्यावर ते पुन्हा वर्गावर उभे राहिले.

1885 च्या आरंभी या शाळेत अठरा वर्षांचा एक नवा शिक्षक आला. गोपाळ कृष्ण गोखले हे त्याचे नाव. पगार दरमहा 35 रुपये. वडील 1879 सालीच वारले होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून 15 रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील 8 रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणास पाठविले. असा भाऊ पदवीधर झाल्यावर घराने त्याच्याकडून सुखाच्या दिवसांची आशा करावी, यात गैर ते काय? गोखले यांचाही कायद्याचा अभ्यास चालू होता. शाळा ही त्यांच्या दृष्टीने वाटेतील धर्मशाळा होती.

परंतु तेथे रोज जे दृष्टीस पडत होते, ते विसरण्याजोगे नव्हते. आपल्याहून दहा वर्षांनी वडील असलेले आगरकर दम्याने बेजार असूनही शिकवीत, लिहीत आणि तुटपुंज्या पगारात संसार चालवीत. मोठे पद मिळाले नाही याची खंत त्यांच्या ठायी नव्हती. टिळकांचे उदाहरणही समोर होतेच. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होणे म्हणजे वीस वर्षे 75 रुपये वेतनावर काम करण्याचे वचन देणे. बंधूंची संमती सहज मिळाली नाही. त्यांच्या त्यागाची फेड पैशाने करावी, की त्या शिक्षणाचा विनियोग लोकांसाठी करावा, हा पेच लहान नव्हता. अखेर संमती मिळाली आणि 1886 साली गोखले आजीव सदस्य झाले.

पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळक व आगरकर यांचे मार्ग भिन्न झाले. आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ पत्र काढले, तेव्हा त्याच्या इंग्रजी विभागाची जबाबदारी तरुण गोखले यांनी उचलली. हे धाडसच होते. कारण आगरकरांच्या मतांमुळे संतापलेल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. असे असूनही गोखले आगरकरांची प्रतिकृती बनले नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आगरकरांची लेखणी तलवारीसारखी, तर गोखले यांची भाषा तोलून मापून वापरलेली. त्यांनी आगरकरांची निष्ठा घेतली. शैली घेतली नाही.

17 जून 1895 रोजी आगरकर निवर्तले. वय अवघे अडतीस. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैशांची एक पुडी बाजूस ठेविली होती, असे म्हणतात. गोखले यांनी आपले वचन पाळले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र. जो विषय पुढे येईल तो त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात 1902 पर्यंत शिकविला.

12 जून 1905 रोजी त्याच फर्ग्युसनजवळच्या टेकडीवर ‘भारत सेवक समाज’ स्थापन झाला. आपल्यासाठी धन मिळविण्यात शक्ती खर्च करणार नाही, ही त्याच्या सदस्यांच्या शपथांपैकी एक होती. गोखले यांनी प्रथम स्वतः शपथ घेतली आणि मग ती द्रविड, देवधर व पटवर्धन या आपल्या तीन तरुण सहकाऱ्यांना दिली.