थप्पी कटिंग: एका कापात चार कीचेन, पण भाव चौथाई नाही!

स्क्रोल सॉच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, आठ थर एकदम कापले तर आठपट माल निघेल ना?" मीही सुरुवातीला हेच समजत होतो. एका मुंजीसाठी मोराच्या ६० कीचेनची ऑर्डर होती. ३ मिमी एमडीएफचे आठ-आठ तुकडे एकावर एक चिकटवले, आठ थप्प्या कापल्या आणि सगळ्या शेवटी एकदम उघडल्या. प्रत्येक थप्पीतले खालचे दोन मोर बाद! मान इतकी बारीक झालेली की हातात घेताच मोडायची. ६४ पैकी ४८ चांगले निघाले. उरलेले १२ आदल्या रात्री जागून कापले.

चूक कुठे झाली? ब्लेड टेबलाशी काटकोनात नव्हतं. २४ मिमीच्या थप्पीत ब्लेड फक्त एक अंश कललं तरी वरच्या आणि खालच्या कापात जवळपास ०.४ मिमी फरक पडतो. मानेला दोन्ही बाजूंनी काप असतो, म्हणजे ०.८ मिमी गेले. ३ मिमीच्या मानेत उरलं काय? त्यात घाईत लाकूड ढकललं की ब्लेड मागे वाकतं आणि वळणावर खालचा तुकडा आणखी बिघडतो.

म्हणून आधी गुण्या लावून ब्लेड तपासा. अजून पक्की खात्री हवी असेल तर जाड लाकडाच्या तुकड्यात थोडा काप घ्या, मशीन बंद करा, तुकडा अर्धा फिरवा आणि तोच काप मागच्या बाजूने ब्लेडवर सरकवून बघा. सहज बसला तर ब्लेड सरळ आहे. आणि पहिली थप्पी उघडून बघितल्याशिवाय दुसरी कापायची नाही.

थर जोडायला डबल साईड टेप चालते, पण ती डिझाईनच्या बाहेर, वाया जाणाऱ्या भागात लावा, नाहीतर सोडवताना नाजूक भाग तुटतो. कडेने मास्किंग टेप घट्ट गुंडाळा. वरून पारदर्शक पॅकिंग टेप लावून त्यावर डिझाईन चिकटवलं तर ब्लेड कमी तापतं, लाकूड कमी जळतं. आतल्या कापांसाठी भोकं थप्पी बांधल्यावरच पाडा. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, मास्क लावल्याशिवाय बसू नका.

आता मुद्द्याचा हिशोब. माझ्या वहीतले आकडे सांगतो. एकच मोर कापायला ९ मिनिटं. चार थरांची थप्पी बांधून कापायला २० मिनिटं, म्हणजे नगाला ५. सहा थरांना ३० मिनिटं लागली, म्हणजे नगाला पुन्हा ५च! जाड थप्पीत हात हळू चालवावा लागतो, सगळा फायदा तिथेच जातो. त्यामुळे मी चारवर थांबतो. तुमचं मशीन, तुमचं डिझाईन वेगळं, तुमचा आकडा घड्याळ लावून काढा.

शिवाय थप्पीने वाचतो तो फक्त कापायचा वेळ. पॉलिश पेपर प्रत्येक नगाला वेगळा मारावा लागतो, ४ मिनिटं. रिंग, तेलाचा हात, पॅकिंग ३ मिनिटं. म्हणजे सुट्या नगाला १६ मिनिटं आणि थप्पीतल्याला १२. ताशी १५० रुपये मजुरी धरली तर ४० च्या जागी ३०. वाचले फक्त १० रुपये! त्यात माल आणि ब्लेडचे ८ मिळवा, ३८ झाले. मी मुंजवाल्यांना भाव दिला होता ३५. वर बाद माल आणि रात्रीचं जागरण फुकट.

अजून एक. "प्रत्येकावर पाहुण्यांचं नाव कोरून द्या" अशी ऑर्डर आली तर नावं थप्पीत कापता येत नाहीत. आकार थप्पीत कापा, नाव नंतर रंगाने लिहा आणि त्याचे पैसे वेगळे सांगा, तेही ऑर्डर घेतानाच. डिलिव्हरीच्या दिवशी तो विषय काढलात तर काका ऐकत नाहीत.